एआरटीच्या गोळ्या मिळतात, मूल थांबवायचं साधन मात्र मिळत नाही. गावाकडच्या बायकांनी काय करायचं?

वणीकडची

मारेगाव, झरी, केळापूर या पट्ट्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांसोबत मी काम करते. बरेच दिवस मनात साचलेलं आज मांडते.

या बायकांना जगवायचं काम सरकारनं केलं आणि चांगलं केलं. २००४ पासून एआरटीच्या (एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या फुकट आहेत. २०१७ पासून सीडी-४ (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू होतात. आमच्यातल्या कित्येकींची लेकरं आज कॉलेजात आहेत. पण यातल्याच एखादीला "आता मूल नको" म्हणायचं असेल, तर तिच्या हातात निरोधाचं पाकीट पडतं आणि विषय तिथंच संपतो.

निरोध हवाच. जोडीदाराला लागण होऊ नये, दुसरे गुप्तरोग होऊ नयेत म्हणून हवाच. पण तो वापरायचा की नाही हे बाई ठरवत नाही, नवरा ठरवतो. तो पिऊन आला की पाकीट ट्रंकेतच राहतं.

कागदावर सगळं आहे. आईकडून बाळाला होणारी लागण थांबवायच्या कार्यक्रमाचे चार भाग आहेत. पहिला, बाईलाच लागण होऊ न देणं. दुसरा, पॉझिटिव्ह बाईला नको असलेली गर्भधारणा होऊ न देणं. तिसरा, पोटातल्या बाळाला वाचवणं. चौथा, आई-बाळाची पुढची काळजी. तिसऱ्या भागावर आपल्याकडे जीव तोडून काम झालं, त्याचं फळही दिसतं. दुसरा भाग त्या पाकिटावर भागवला गेला.

एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. तिशीच्या आतली बाई. दोन लेकरं, दोन्ही निगेटिव्ह. घरात नवऱ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. गोळ्यांची डबी हलली की खुळखुळते, म्हणून ती डबीत कापूस कोंबून ठेवते आणि डबी तांदळाच्या कोठीत. तिनं प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन महिन्यांचं इंजेक्शन मागितलं, अंतरा. तिथं विचारलं, "दुसरी कोणती औषधं चालू आहेत का?" प्रश्न बरोबरच होता. पण बाकावर शेजारी तिची चुलत जाऊ बसलेली, आणि गावची आशाताई तिच्याच गल्लीतली. ती "नंतर येते" म्हणून उठली. पुढे वेचणी लागली. पाळी चुकली तेव्हा वाटलं अशक्तपणा असेल. वावरातून वेळ काढून तपासायला गेली तेव्हा चौथा महिना चालू होता.

मग एका सरकारी दवाखान्यात गेली. तिथं सांगितलं, आधी नवऱ्याची सही आण. आणि पाडायचं असेल तर सोबत मूल बंद करायचं ऑपरेशनही करून घ्यावं लागेल, नाहीतर करणार नाही.

मला विचारायचं आहे, तुमच्या भागात काय चालतं? कुठे एआरटी केंद्रातच साधन मिळतं का?

प्रशासक

विषय नाजूक आहे. गावाचं, दवाखान्याचं, व्यक्तीचं नाव कोणीही लिहू नये.

उपकेंद्र_सिस्टर

ताई, मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स आहे, अमरावती जिल्ह्यात. आमची बाजूही ऐका. औषधांचा प्रश्न आम्हाला विचारावाच लागतो. टीबीच्या, फिटच्या गोळ्या चालू असल्या की काही साधनं बदलावी लागतात. पण एचआयव्ही आहे म्हणून अंतरा देऊ नये असं कुठेही नाही. आमच्याकडे माला-एनची रोजची गोळी आहे, छायाची गोळी आहे (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा), अंतरा आहे, तांबी (कॉपर-टी) आहे. सगळं फुकट. यातलं काहीही घेताना आजाराचं नाव मोठ्यानं सांगायची गरज नाही. बाईनं "आत बोलायचं आहे" एवढं म्हटलं तरी पुरे.

अडचण अशी की आत बोलायला खोली नसते. एका टेबलावर लसीकरण, दुसऱ्यावर रक्तदाब, मध्ये पडदासुद्धा नाही. शिवाय अंतराची पहिली मात्रा डॉक्टरांनी तपासल्यावर द्यायची असते. डॉक्टर मीटिंगला गेलेले असले की बाईचा दिवस फुकट. पुढच्या मात्रा आम्ही देतो.

काळी_माती

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आजार माहीत असताना पुन्हा मूल व्हायची वेळच का येऊ द्यायची? आजारी लेकरू जन्माला घालून काय साधतं? पहिल्याच बाळंतपणात ऑपरेशन करून टाकलं तर हा सगळा घोळ होणार नाही.

वणीकडची

दादा, राग नाही, पण तुमची माहिती जुनी आहे. काहीच उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण व्हायचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. आई नीट गोळ्या घेत असेल, बाळाला नेव्हिरापिनचं औषध मिळालं, तर तो ५ टक्क्यांच्याही खाली जातो. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल तर आणखी कमी. २०१४ पासून आपल्याकडे प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला आयुष्यभराच्या गोळ्या सुरू होतात. मी वर जिची गोष्ट लिहिली तिची दोन्ही लेकरं निगेटिव्ह आहेत.

आणि सक्तीचं म्हणाल, तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात साफ लिहिलं आहे की पॉझिटिव्ह गरोदर बाईचं ऑपरेशन किंवा गर्भपात तिच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. मूल हवं असलेल्या बाईला ते मिळावं आणि नको असलेलीला ते टाळता यावं, माझ्या लेखी या दोन मागण्या वेगळ्या नाहीत. दोन्हीकडे ठरवणारी तीच.

काळी_माती

टक्केवारी मला खरंच माहीत नव्हती. शेजारच्या घरात एक बाळ गेलं होतं, फार जुनी गोष्ट, तेच डोक्यात होतं. शब्द मागे घेतो.

पऱ्हाटी

मी स्वतः पॉझिटिव्ह आहो. नवरा वारला तवा लेक दोन वर्साची होती. आता माहेरीच रायते. माह्यासारखीनं इंजेक्शन मांगाचं कोनाले? गावात सिस्टर म्हनते, "तुले काय काम पडलं बाई?" एवढं बोलली का पुरं गाव समजते. विधवा बाई हाये म्हनजे तिच्या अंगातलं सारं मेलं असं लोकाइले वाटते. एक मानूस हाये, चांगला हाये, त्याले माह्या आजाराचं ठाऊक हाये, तोही पॉझिटिव्हच. लगन करू म्हनते पन घरचे आयकत नाई. निरोध वापरतो, पन एकदा फाटला आन् मी महिनाभर झोपली नाई. मेडिकलवाल्याले ते ७२ तासाची गोळी मांगाले गेली तं तो पोट्टा वर्गातला निघाला. तशीच वापस आली.

मले कोनी सांगा, माह्या टीबीच्या गोळ्या चालू हायेत सध्या. इंजेक्शन चालते का नाई?

डॉ_पूर्णाकाठ

पऱ्हाटी ताई, तुमच्या प्रश्नाचं आधी.

टीबीच्या गोळ्यांत रिफॅम्पिसिन असतं. त्यानं माला-एनसारख्या रोजच्या गोळीचा आणि ७२ तासांच्या गोळीचा असर कमी होतो. त्यामुळे उपचार चालू असेपर्यंत त्या दोन्हींवर विसंबू नका. अंतरा चालते, तिला रिफॅम्पिसिननं फरक पडत नाही. तांबी कोणत्याच गोळीशी अडत नाही, पण टीबीमुळे तब्येत खालावलेली असेल तर ती नव्यानं आत्ता बसवायची की उपचार मार्गी लागल्यावर, हे तपासूनच ठरवतात. निरोध फाटला तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, हे फार कमी जणींना माहीत असतं. आणि एक, टीबीच्या काळात डोल्युटेग्राविर (एआरटीमधली एक गोळी) दिवसातून दोनदा घ्यावी लागते. तुमच्या केंद्रानं ती जादाची गोळी दिली आहे ना, एकदा पाहून घ्या.

आता बाकीच्यांसाठी. सध्या बहुतेकांना टीएलडी ही गोळी असते. टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत. तिच्यासोबत अंतरा, माला-एन, ७२ तासांची गोळी, तांबी, सगळं चालतं. पूर्वी एफाविरेंझ होती, तिच्यामुळे ७२ तासांच्या गोळीचा आणि दंडात बसवायच्या इम्प्लांटचा असर घटायचा. "एआरटीवर हार्मोनचं काही चालत नाही" असं जे अजून कुठेकुठे ऐकू येतं त्याचं मूळ तिथं आहे. दुसऱ्या टप्प्याची औषधं, म्हणजे रिटोनाविरवाली, चालू असतील तर माला-एन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. अंतरा आणि तांबी तेव्हाही चालतात.

दुसरी भीती डोल्युटेग्राविरची. २०१८ मध्ये बोत्स्वानातल्या एका अभ्यासात ही गोळी घेणाऱ्या आयांच्या बाळांत मज्जारज्जूचे दोष थोडे जास्त दिसले होते. त्या काळात बऱ्याच बायकांना "मूल होऊ देऊ नका" असं सांगितलं गेलं. पुढे जास्त बाळंतपणांची नोंद झाली तसा तो फरक उरला नाही. २०१९ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठीही हीच गोळी पहिल्या पसंतीची ठरवली. म्हणजे ज्यांना मूल हवं आहे त्यांनी या भीतीपोटी गोळी सोडू नये.

गरोदरपणात मात्र एक पाळा: लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्राविरचं शोषण कमी करतात. एकतर सगळं जेवणासोबत घ्या, नाहीतर एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

पऱ्हाटी

डॉक्टरसायेब, जादाची गोळी हाये, रात्रीची. इंजेक्शनचं आता समजलं. तांबीचं तं कोनी सांगतलंच नव्हतं.

चिखलदऱ्याचा_वारा

आम्ही नवरा-बायको दोघंही पॉझिटिव्ह. लग्नानंतर कळलं. आम्हाला वाटायचं, दोघांनाही आहे म्हटल्यावर निरोध कशाला? समुपदेशकांनी समजावलं की एकाचा विषाणू औषधाला दाद न देणारा असेल तर तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून वापरतो. पण मूल थांबवण्यासाठी तेवढ्यावर भिस्त ठेवली नाही. मी बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. पुरुषानं केली तर बाईला पोट उघडावं लागत नाही. नंतर पहिले तीन महिने दुसरं साधन वापरावंच लागतं, मग वीर्य तपासून खात्री करतात.

गावात दोन-चार जण काहीबाही बोलले. वावराचं काम आधी करत होतो तेवढंच आजही करतो.

उपकेंद्र_सिस्टर

दादा, हे तुम्ही तुमच्या गावातल्या दोन पुरुषांना सांगितलं तर माझं वर्षाचं काम होईल.

दारव्हा_रोड

मूळ धाग्यातल्या त्या दवाखान्याबद्दल. नवऱ्याची सही मागणं बेकायदा आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्याप्रमाणे बाई १८ वर्षांवरची असेल तर फक्त तिची संमती लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर साधन निकामी ठरल्याचं कारण लग्न न झालेल्या बाईलाही सांगता येतं, विधवेला तर येतंच. काही ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. गरोदरपणातच नवरा वारला किंवा घटस्फोट झाला तर तेही त्यात येतं. बाईचं नाव बाहेर फोडणं हाही गुन्हा आहे. ऑपरेशनची अट घालायला तर कुठेच आधार नाही. ऑपरेशनसाठीही जोडीदाराची सही लागत नाही.

तक्रार करायची असेल तर वीस किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक दवाखान्यात एचआयव्ही कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमायला हवा. त्यांच्यावर राज्याचे लोकपाल. पण तक्रार नंतर. आधी तिच्या पोटातले आठवडे मोजा, ते कोणासाठी थांबत नाहीत. ताई, त्या बाईचं पुढे काय झालं?

वणीकडची

झालं. आमच्यातली एक जण सोबत गेली, करंजीमार्गे यवतमाळला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून सोबत जाणं जरा परवडतं. तिथल्या मॅडमनी तिला एकटीला आत घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुला काय हवं आहे?" २० आठवडे भरायच्या आत झालं. ऑपरेशनचा विषय कोणी काढला नाही. घरी सोडायच्या आधी अंतरा दिली. गर्भपातानंतर लगेच देता येते, हे मलाही तिथंच कळलं.

दोन दिवस ती आमच्याकडे राहिली. घरी सांगितलं होतं, नणंदेकडं गेली आहे. तिसऱ्या दिवशी कापूस वेचायला जायला निघाली, मी हात धरून थांबवलं. मजुरी बुडते म्हणाली. तिच्या जागी खरंच त्या दिवशी कोणी दुसरी गेली असती तर तिचा पुढचा आठवडाही गेला असता, हे मला माहीत होतं. तरी थांबवलं, आणि त्या आठवड्याचा किराणा आम्ही चौघींनी मिळून भरला.

एआरटी_समुपदेशक

मी एका एआरटी केंद्रात समुपदेशक आहे. "तुमच्याकडेच का मिळत नाही" याचं उत्तर देतो. आमचा कार्यक्रम एड्स नियंत्रणाचा, कुटुंब नियोजन राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडं. दोन्हींचा साठा वेगळा, रजिस्टर वेगळं, हिशेब विचारणारे साहेब वेगळे. माझ्या रकान्यात निरोध किती वाटले हे आहे. किती जणींना मूल नको आहे हे विचारणारा रकाना माझ्या वहीत नाही. मग गर्दीच्या दिवशी तो प्रश्न राहून जातो. बाई गोळ्या घेऊन बस पकडायच्या घाईत असते.

मी स्वतःपुरतं सुरू केलंय ते सांगतो. प्रत्येक बाईला एकच विचारतो: "येत्या वर्षात मूल हवंय का?" हो म्हणाली तर व्हायरल लोड पाहतो, फॉलिक अॅसिड सुरू करायला सांगतो. नाही म्हणाली तर चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर आजाराचं काहीही लिहीत नाही, फक्त "अंतरासाठी" किंवा "तांबीसाठी". आमच्याच इमारतीत स्त्रीरोग विभाग आहे, तिथल्या सिस्टरांना आधी फोन करतो. बाई त्याच दिवशी मोकळी होते आणि गावच्या केंद्रात कोणाला काही सांगावं लागत नाही.

तब्येत स्थिर असलेल्यांना आम्ही तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या देतो. अंतराही तीन महिन्यांनी. तारीख एकच ठेवली की भाडंही एकदाच. पुढे दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत इंजेक्शन चालतं, त्यामुळे मागेपुढे झालं तरी जमतं.

वणीकडची

दादा, मला हेच हवं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात जिथं लिंक एआरटी, म्हणजे मोठ्या केंद्राला जोडलेलं गोळ्या वाटायचं केंद्र आहे तिथंही हे व्हायला काय लागेल?

एआरटी_समुपदेशक

एक सिस्टर जी तोंड बंद ठेवेल, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचा होकार. साठा तिथं आहेच, दोन खोल्या सोडून. महिन्याच्या ज्या दिवशी लिंक एआरटीच्या गोळ्या वाटतात त्याच दिवशी कुटुंब नियोजनाची सिस्टर जागेवर असेल एवढं ठरवून घ्या. लेखी अर्ज द्या, बायकांच्या सह्या घेऊ नका. तुमच्या गटाच्या नावानं एकच पत्र.

उपकेंद्र_सिस्टर

आणि बायकांना आधीच सांगा की अंतरानं पाळी बिघडते. आधी थोडंथोडं अंगावर जातं, मग पाळी थांबते. "घाण रक्त पोटात साचतं" म्हणून अर्ध्या जणी दुसऱ्या मात्रेला येतच नाहीत. काही साचत नाही, अस्तरच कमी बनतं, म्हणून रक्त जात नाही. ज्यांचं हिमोग्लोबिन सातावर आलंय त्यांना तर हे बरंच. इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, तेही आधी सांगा, म्हणजे पुढे मूल हवं असलेली घाबरणार नाही.

काळी_माती

आमच्या गावची आशा माझी वहिनी लागते. घरोघर साधन पोचवायची योजना आहे ना, एक रुपयात निरोध आणि गोळ्या? तिला काय सांगू?

उपकेंद्र_सिस्टर

एवढंच सांगा की कोणती बाई काय घेते हे तिच्या सासूलाही कळू देऊ नको. आणि विधवा, टाकलेली, एकटी, कोणीही मागितलं तरी कारण विचारू नको.

पऱ्हाटी

सिस्टर, इंजेक्शन पाळीच्या कोनत्या दिवशी घ्याव लागते? माही तारीख पुढच्या मंगळवारी हाये गोळ्याची, पाळी त्याच्याआधी दोन-तीन दिवस येते.

उपकेंद्र_सिस्टर

मग अगदी जुळतंय ताई. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घेतलं की लगेच लागू होतं. मंगळवारी गोळ्यांसोबतच घेऊन टाका. पाळी आलीच नाही तर आधी लघवीची तपासणी करून मागा. टीबीच्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना सांगा, बाकी कोणाला नाही. निरोध चालूच ठेवा.

एआरटी_समुपदेशक

पऱ्हाटी ताई, सोबत कोणी नसेल आणि तिथं काही अडलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा. फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

वणीकडची

पत्र आज लिहिलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी गुरुवारी बोलावलं आहे. कोणत्या दिवशी सिस्टर बसतील ते ठरलं की इथंच लिहिते. इतर तालुक्यांतल्या कोणाला पत्राचा मजकूर हवा असेल तर व्यक्तिगत निरोप टाका.